एका हाताची गाठ

राखी बांधायला बहीण लागते, ह्याचे निम्मे कारण माया आणि उरलेले निम्मे असे, की मनगटावरची गाठ एका हाताने पडत नाही. वाचकांना हे पटत नसेल तर त्यांनी आताच हा अंक बाजूला ठेवावा, घरातला एखादा गोफ घ्यावा आणि आपल्याच डाव्या मनगटावर उजव्या हाताने बांधून पाहावा. मात्र दात वापरावयाचे नाहीत! मी हा प्रयोग वयाच्या ५८ व्या वर्षी केला, आणि तोही हौसेने नव्हे. माझ्या भाच्याने हाताने बनवलेल्या ६० चामडी मनगटपट्ट्यांपैकी ४१ पुण्याच्या एका दुकानातून परत आले होते. चामडे उत्तम, शिवण उत्तम, रंग उत्तम. बिघडले होते ते फक्त टोकाशी. पट्टा जेथे मिटावयाचा तेथेच तो मिटत नव्हता.

आमचे गाव धनज, कारंजा तालुक्यातले. जिल्हा पूर्वी अकोला होता, १ जुलै १९९८ पासून वाशीम झाला. त्यामुळे माझ्या शाळेच्या दाखल्यावर एक जिल्हा आणि भाच्याच्या दाखल्यावर दुसरा, घर मात्र तेच. घराणे चर्मकाराचे. माझ्या लहानपणी ओसरीवर रापी, आरी, ऐरण आणि भिजत घातलेल्या चामड्याची कुंडी असे. बाबांनी तरुणपणी विहिरीवरच्या मोटा शिवल्या. पुढे विजेचे पंप आले आणि मोटा गेल्या. मग त्यांनी बैलांचे घुंगरू लावलेले गळपट्टे केले, कासरे-चाबूक केले, वहाणा केल्या. ट्रॅक्टर आल्यावर बैलही कमी झाले. मी शिकलो, अमरावतीला कचेरीत लागलो. कचेरीत कोणी विचारले तर ‘वडील शेती करतात’ असे सांगत असे. शेती होती दीड एकर. अगदीच खोटे नव्हते, पण खरेही नव्हते.

बाबांचे वय आता ८४. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात गेला. वाचा शाबूत आहे, उजवा हात शाबूत आहे, आणि मत तर पूर्वीपेक्षा जास्त शाबूत आहे! ते धनजलाच माझ्या विधवा ताईजवळ असतात. ताई शिवणयंत्रावर घर चालवते. तिचा मुलगा पदवीधर. दोनदा पोलीस भरतीला धावला, दोनदा थोडक्यात राहिला. तिसऱ्या वर्षी धावण्याऐवजी त्याने आजोबांची रापी हातात घेतली आणि चामड्याचे मनगटपट्टे करू लागला. शहरातली मुले-मुली हल्ली घड्याळ नसले तरी मनगटाला चामड्याची पट्टी बांधतात, हे त्याने मोबाइलवर पाहिले होते. ताईने भिशीचे १४,००० रुपये काढून दिले. बाबांनी पहिला पट्टा पाहिला आणि म्हणाले,

“चामडं पायात राह्यते, नाही त बैलाच्या गळ्यात. हातात काहून?”

हा झाला नातवाला आशीर्वाद.

माल परत आला त्या रविवारी ताईचा फोन आला. “तू येऊन जा. हा म्हणते का, हे सारं इकून टाकतो आणि पुण्याले कंपनीत रातपाळीले जातो. तो गेला त बाबाले उचलून बसवाले मी एकटीच.” मी गेलो. मला चामड्यातले काही कळते म्हणून नव्हे. भाच्याला निदान एक मामा आहे हे कळावे म्हणून.

परत आलेले पट्टे आम्ही चटईवर मांडले तेव्हा त्यांचे दोन ढीग झाले. एका ढिगात टिचबटणे निखळलेली. दुसऱ्यात बकलाजवळचे चामडे काळे पडलेले.

टिचबटण आपण पोलक्यापासून दप्तरापर्यंत सगळीकडे वापरतो, पण ते कसे चालते हे क्वचितच पाहतो. जर्मनीत हेरिबर्ट बाउअर ह्या गृहस्थाने १८८५ साली त्याचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या ग्रनोब्ल येथे रेमंड ह्यांनी हातमोज्यांसाठी दुसऱ्या तऱ्हेचे काढले. हातमोजा म्हणजे पातळ, मऊ चामडे. चामड्याच्या टिचबटणाला चार भाग असतात. वरची टोपी आणि तिची वाटी ही एक जोडी. खालची बोंडी आणि तिचा खिळा ही दुसरी. टोपीला आणि खिळ्याला मागे पोकळ नळी असते. ती चामड्यातून पलीकडे निघून ठोक्याने फुलासारखी उमलली पाहिजे, म्हणजेच ती पक्की बसते. आमच्या भाच्याचे चामडे साडेतीन मिलिमीटर जाड आणि त्याने आणलेल्या बटणांची नळी कापडाच्या मापाची. नळी पलीकडे निघतच नव्हती, मग उमलणार कशी? ती चामड्याच्या पोटातच चेंगरून बसली. चार दिवस टिकली, पाचव्या दिवशी निघाली. त्यातही बटणे मापाने मागावयाची असतात हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितले नव्हते. बटणाची ‘लाइन’ म्हणून एक मोजणी आहे, ४० लाइनींचा एक इंच. म्हणजे २४ लाइनींचे बटण सुमारे १५ मिलिमीटरचे. पण हे माप टोपीच्या रुंदीचे. नळी किती लांब ते वेगळे विचारावे लागते. दुकानदार ते आपण होऊन सांगत नाही.

दुसरा ढीग पाहून मात्र मला हसू आले, कारण त्याचे उत्तर ताईच्या स्वयंपाकघरात होते. लोखंडी कढईत आवळा शिजवला तर काय होते, हे कोणत्याही गृहिणीला विचारा. हिरडा आणि लोखंड ह्यांच्यापासून आपल्याकडे पूर्वी काळी शाई करीत, तीही ह्याच गुणाने. बाभळीच्या सालीने, हिरड्याने कमावलेल्या चामड्यात तोच तुरट अर्क मुरलेला असतो. त्याला लोखंड आणि ओल मिळाली की चामडे शाईसारखे काळे होते. बकले होती लोखंडी आणि वरून चकचकीत मुलामा. पावसाळ्यात घामाने मुलामा जिभलीपाशी घासला गेला, आतले लोखंड उघडे पडले आणि गिऱ्हाइकाच्या मनगटावर शाई उमटली. धुतली तरी जाईना.

“आमच्या मोटेले लोखंडी कडी नव्हती का?” मी बाबांना विचारले.

“होती. पण मोटेले इचारते कोन, का कायी झाली का गोरी?”

ताईला ह्यापलीकडचा अनुभव होता. नमुना म्हणून घातलेल्या बकलाखाली तिच्या मनगटावर खाजरे चट्टे उठले होते. हा बहुधा मुलाम्यातल्या निकेलचा प्रताप. काहींच्या कातडीला निकेल मुळीच सोसत नाही. खोट्या दागिन्यांनी कान चिघळतात त्यातही अनेकदा दोष ह्याचाच. युरोपात तर अंगाला सतत लागून राहणाऱ्या वस्तूतून दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याकाठी अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटू नये असा कायदाच आहे. आपण कानाला लावायच्या आधी कोणी काही मोजीत नाही.

टिचबटण गेले, लोखंडी बकल गेले. मग भाच्याने काढली नवी टूम – चुंबकाचा चाप. दोन टोके जवळ आणली की टक्कन मिटतात. एका हाताने मिटते, एका हाताने उघडते. बाबासुद्धा मिनिटभर त्याच्याशी खेळले. आम्हाला वाटले, मिळाले उत्तर! पण हे छोटे, ताकदवान चुंबक सरळ ओढले तर जितके धरून ठेवतात तितके बाजूला सरकवले असता धरीत नाहीत, आणि मनगटावरचा पट्टा ओढतो तो बाजूलाच. ताई पट्टा घालून विहिरीवर गेली तो बादलीच्या कडीला जाऊन चिकटला. पोळ्या करताना तव्याकडे धावला. शिवायला बसली तर सुया गोळा करू लागला. शेवटी शेजारच्या काकांच्या छातीत पेसमेकर बसवलेला, त्यांच्याजवळ असले जोरदार चुंबक नेऊ नयेत असे त्यांच्या डॉक्टरांनी बजावलेले. चुंबकाचे २० चाप डब्यात गेले. ते पुढे कामी आले, पण वेगळ्याच.

एव्हाना मला ह्या प्रकरणाची गोडी लागली होती. अमरावतीला परतल्यावर मी घरातल्या दागिन्यांचे फासे पाहू लागलो. सौ.ला प्रथम संशय आला, मग तीही सामील झाली. आपल्या बायकांचे दागिने पाहा : कुडीला मळसूत्री फिरकी, गळ्यातल्या साखळीला आकडा, तोड्याला खिळ्याची फिरकी, बाजूबंदाला गोंडा. ह्यांतले हातावरचे जे जे फिरकीचे, ते ते घालायला दुसरे माणूस लागते. म्हणून घरात सासू-नणंद-जाऊ असा गोतावळा होता तोवर कोणाचे अडले नाही. आणि जी रोज एकटीने घालायची ती बांगडी – तिला जोडच नाही! ती मुठीवरूनच सरकते. बांगडीचे माप अजून कासाराकडे ‘दोन-चार’, ‘दोन-सहा’ असे चालते. म्हणजे दोन इंच आणि वर चार किंवा सहा आणे, रुपयाचे १६ आणे तसे इंचाचे १६. आणे १९५७ साली सरकारने मोडीत काढले, कासाराने नाही. पण हे माप पट्ट्याला निरुपयोगी. बांगडी मुठीच्या हाडाशी बेतायची, पट्टा मनगटाशी. आणि पट्टा घालताना राजा असो की रंक, प्रत्येक माणूस एकहाती असतो. दुसरा हात असून नसल्यासारखा, कारण तोच बांधला जात असतो.

हे मी भाच्याला फोनवर मोठ्या ऐटीत सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मामा, मंग आबाच खरे परीक्षक हायेत.”

मला हे सुचले नव्हते. बाबांचा डावा हात निर्जीव, उजवा धड. त्यांच्या डाव्या मनगटावर त्यांचे त्यांना जे घालता येईल आणि काढता येईल, तेच कोणाही गिऱ्हाइकाला जमेल. पण बाबा कोणाच्या प्रयोगाला बसतात? त्यांना शर्टाच्या गुंड्याही ताई लावते, आणि तेवढ्या वेळात ते छताकडे पाहत राहतात. तिला वाटते त्यांना राग येतो. मला वाटते लाज.

पोळा आला. भाचा कारंज्याला मित्रांबरोबर पोळा पाहायला गेला. बैल कमी झाले असले तरी आमच्याकडे पोळ्याचा थाट अजून आहे. आदल्या दिवशी खांदेमळण, पोळ्याला शिंगे रंगवलेली, झुली, तोरणाखाली झडत्या. भाच्याचे लक्ष मात्र बैलांकडे नव्हते. दोन वर्षे भरतीची तयारी केलेला मुलगा. गर्दीत पोलीस अधिकारी दिसला की त्याची नजर आपोआप तिकडे जाते. बंदोबस्ताच्या एका साहेबांच्या कमरेला चामड्याची पिस्तुलाची म्यान होती. तिचे झाकण एका पितळी गुंडीवर अडकवलेले. बकल नाही, टिचबटण नाही. नुसती एक बोंडी आणि झाकणाला पडलेले भोक. साहेबांनी अंगठ्याने झाकण उचलले, पुन्हा दाबले. एका हाताने. नजर न वळवता. भाचा इतका वेळ टक लावून पाहत राहिला, की साहेबांनी त्यालाच विचारले, “काय रे, काय हवे?”

“काही नाही साहेब, गुंडी पाहत होतो.”

हे ऐकून साहेबांना काय वाटले असेल ते त्यांनाच ठाऊक!

ती गुंडी कारंज्यात मिळाली नाही, अमरावतीतही नाही. नवरात्रात मी दोन दिवसांची रजा काढली आणि आम्ही मामा-भाचे रात्रीच्या अमरावती-मुंबई गाडीत बसलो. मुंबईत भेंडीबाजाराच्या बाजूला ढब्बू स्ट्रीट म्हणून एक गल्ली आहे, चामडी वस्तूंसाठी नावाजलेली. पाकिटे, पट्टे, बॅगा आणि त्यांना लागणारी कडी-बकले ह्यांच्या माळाच माळा. आठ-दहा दुकाने हिंडलो. ‘पितळी’ म्हटले की जो तो पिवळे धमक काहीतरी पुढे करी. भाचा शांतपणे खिशातून नापास झालेला चुंबकी चाप काढी आणि त्या पिवळ्या बकलाला लावी. चिकटला की पुढचे दुकान! वर पितळेचा मुलामा, आत लोखंड. एकाने तर चिडून विचारले, “सोनं घ्यायला आलात का?” मात्र चुंबक न चिकटला म्हणजे पितळच, असे नाही. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचीही बकले असतात, त्यांना चुंबक लागत नाही. त्यासाठी कानशीचा एक हलका ओरखडा मारायचा; आत राखी रंग दिसला तर जस्त, पिवळाच दिसला तर पितळ. हे आम्हाला एका म्हाताऱ्या दुकानदाराने शिकवले. भाच्याने कागदावर काढलेले गुंडीचे चित्र त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिले आणि म्हणाले,

“सॅम ब्राऊन. असे सांगा ना! हे घ्या, अलीगढचे भरीव पितळ. नाव सांगायचे सोडून चित्रे काय काढता?”

पाव इंचाची छोटी गोळी, तिच्याखाली बारीक मान, मानेखाली बसकी चकती आणि मागून फिरवायचा स्क्रू. भाव नगाला १२ रुपये. मुलाम्याची ४ रुपयांत. भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी दुसरीकडे पाहिले, कारण पैसे ताईचे होते. त्याने भरीव घेतल्या, १००.

परतीच्या प्रवासात मोबाइलवर वाचून भाच्याने मला हा सॅम ब्राऊन कोण ते सांगितले, आणि मी बर्थवर उठून बसलो. सॅम्युअल ब्राऊन हा इंग्रजी फौजेतला घोडेस्वार अधिकारी, जन्म १८२४, इथलाच, बराकपूरचा. १८५७ च्या उठावाच्या धुमश्चक्रीत, ३१ ऑगस्ट १८५८ रोजी, उत्तरेत पिलिभीतच्या बाजूला झालेल्या चकमकीत त्याचा डावा हात तुटला. इंग्रजांचे सर्वोच्च शौर्यपदक, व्हिक्टोरिया क्रॉस, त्याला मिळाले. पण तलवार उपसताना म्यान धरायला दुसरा हात नाही, म्हणून त्याने खांद्यावरून तिरका पट्टा घेतलेला कमरपट्टा वापरायला सुरुवात केली. तो पट्टा पुढे इंग्रजी सैन्यात रूढ झाला आणि आपल्याकडच्या पोलीस अधिकाऱ्यांच्या अंगावरही राहिला. त्याच्या नावानेच ही गुंडी ओळखली जाते. ती त्याने स्वतः घडवली की कोणा अनामिक मोच्याने, ह्याचा मला वहीम आहे. अशा वेळी नाव साहेबाचे होते आणि काम दुसऱ्याचे. पण डावा हात गमावलेल्या माणसाच्या नावाची गुंडी आम्ही डावा हात गेलेल्या माणसासाठी घेऊन चाललो होतो, एवढे खरे.

धनजला आल्यावर भाच्याने दोन दिवसांत १० पट्टे केले. एका टोकाला गुंडी. दुसऱ्या टोकाला भोक आणि भोकाला लागून बारीक काप, म्हणजे गोळी त्यातून दबून बाहेर यावी आणि मान भोकात बसावी. सुरेख दिसत होते. दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीनची सोंगणी असते. भाचा पट्टा घालून शेतात गेला आणि संध्याकाळी मोकळ्या मनगटाने परत आला. पट्टा कोठे गळला ते त्याला कळलेच नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा गळला. तिसऱ्या रात्री तो जेवला नाही. ताईने मला फोन केला नाही, हे मला जास्त लागले. मी आपण होऊनच गेलो.

मी पोहोचलो तेव्हा भाचा ओसरीवर पट्टा हातात घेऊन बसला होता आणि बाबा खाटेवरून पाहत होते. पट्टे करू लागल्यापासून इतक्या महिन्यांत त्यांनी एकही पट्टा हातात घेतला नव्हता. म्हणाले, “आण इकडे.”

त्यांनी तो उजव्या हातात घेतला, अंगठ्याने भोक चाचपले आणि विचारले, “काप कोन्या अंगाले देल्ला?”

“टोकाकडे, आबा.”

“अन् गुंडी ओढते कोन्या अंगाले?”

भाच्याने पट्टा मांडीवर ताणून पाहिला. गुंडीची मान ताणाने पट्ट्याच्या टोकाकडे रेटत होती. म्हणजे नेमकी कापावरच. जितके ओढावे तितका काप उघडावा आणि गोळी निसटावी, अशी सारी व्यवस्था त्याने स्वतःच्या हाताने करून ठेवली होती.

“बैल ज्या अंगाले ओढते, त्या अंगाले काप देत नाहीत बाप्पा. पाठीमागे दे. अन् कापाच्या शेवटी टोच्यानं एक बारीक भोक पाड, नाही त चिरत जाईन.”

एवढेच. ६० वर्षांची विद्या दोन वाक्यांत. मी इतकी वर्षे त्या घरात वाढलो आणि मला ती ठाऊक नव्हती, कारण मी कधी विचारलेच नव्हते. बाबांना आता हुरूप आला. भोक मानेच्या मापाचे हवे, गोळीच्या नव्हे. ते गोलच पाडायचे, रापीने चौकोनी कोरायचे नाही; कोपरा आला की चिरण्याची सुरुवात. बैलाच्या गळपट्ट्यात चार बोटे शिरली पाहिजेत, माणसाच्या मनगटपट्ट्यात एक. मनगट संध्याकाळी थोडे सुजते, म्हणून भोके एकाऐवजी तीन ठेव. आणि धातू अंगाला लागू देऊ नको. मागे शेळीच्या पातळ चामड्याचे अस्तर शिव. ह्या शेवटच्या सूचनेने पितळेचा प्रश्नही सुटला, कारण पितळेतले तांबे घामाने हिरवे होते आणि मनगटावर हिरवा डाग देते. गुंडीच्या मागचा स्क्रू अस्तराखाली झाकला गेला. वरची गोळी हिरवी पडली तर कोरड्या फडक्याने पुसावी. चिंच लावू नये; तिने पितळ उजळेल, पण चामड्यावर डाग पडेल. हे आता भाचा प्रत्येक पट्ट्याबरोबर चिठ्ठीवर छापून देतो.

एक अडचण बाबांच्याही हातची नव्हती. स्क्रू हळूहळू आपोआप फिरून सैल होई, आणि अस्तर शिवल्यावर तो आवळता येईना. त्यावर ताईने तोडगा काढला. शेजारच्या नव्या सुनेकडून नखे रंगवायची बाटली आणली, स्क्रूच्या आट्यावर एक थेंब टाकला आणि मग पिळले. सुकल्यावर तो हलेना. तेव्हापासून ‘साहित्य’ ह्या सदरात गुलाबी नेलपॉलिशची एक बाटली लिहिलेली असते.

मोटांच्या काळात बाबांना असली कडी-बकले फारशी लागलीच नाहीत. त्यांच्या वहाणेत खिळा नसे. चामडे चामड्याच्या वादीने शिवायचे. कोल्हापुरी चपलेचेही तसेच. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा कंपनीने तसल्याच चपला तिचे नाव न घेता मांडल्या, तेव्हा इकडे केवढा गदारोळ झाला! भाच्याने ती बातमी बाबांना वाचून दाखवली होती. बाबांनी किंमत विचारली. ऐकून म्हणाले, “तेवढ्यात दोन बैल येत होते.” मग थोड्या वेळाने, “शिवण कशी होती?” फोटोत शिवण दिसत नव्हती.

दिवाळीच्या आधी भाच्याने पुण्याच्या त्याच दुकानाला ४१ पट्टे बदलून पाठवले, फुकट. ताईला हे मुळीच पसंत नव्हते, आणि हिशेबाने तिचे बरोबर होते. १४,०००पैकी तोवर ३,०००सुद्धा हाती आले नव्हते. तो म्हणाला, “माह्या नावानं परत आले, माह्या नावानंच जातीन.” दोन महिन्यांत त्या ४१ पैकी ३ परत आले. दोन मापाला मोठे होते. तिसऱ्याचा काप चिरला होता. टोकाला बारीक भोक पाडायचे त्यातच राहून गेले होते. तो पट्टा भाच्याने ओसरीवर खिळ्याला टांगून ठेवला आहे. दुकानाने पुढे ७५ ची मागणी केली आणि तो रातपाळीला गेला नाही. निदान अजून तरी. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की तो वाचतो, हे मी पाहिले आहे.

चुंबक पडून राहिले नाहीत. ताईने त्यांतले सहा शिवणयंत्राच्या पाट्याला चिकटवले. सुया आता तिथेच राहतात.

पहिला धड जमलेला पट्टा भाच्याने बाबांच्या उशाशी ठेवला होता. देतो म्हणाला असता तर त्यांनी घेतला नसता. दिवाळीत मी गेलो त्या पहिल्या पहाटे अभ्यंगासाठी लवकर उठलो. बाबा जागे होते. त्यांना वाटले मी झोपलेला आहे. त्यांनी निर्जीव डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला, पट्टा त्याच्याखालून सरकवला, एक टोक पोटाशी दाबून धरले आणि अंगठ्याने भोक गुंडीवर आणले. पहिल्यांदा सटकले. दुसऱ्यांदा बसले. मग त्यांनी ते पुन्हा काढले आणि पुन्हा घातले. ताई दिवा घेऊन आली, शर्टाच्या गुंड्या लावू लागली. वरची लावून झाली तेव्हा ते म्हणाले, “थांब,” आणि खालची स्वतः लावायला घेतली. ती काही लागली नाही. पाण्याचा हंडा उतरवायला ताई आत गेली, तरी ते ती लावतच होते.